वर्तुळाकार गतीची गणितं दरवेळी चुकतायत? आधी उत्तर कितीने चुकलंय ते बघा

वर्तुळाकार गतीतली बलं या एका टॉपिकवर मला लोकांनी जेवढ्या चुकलेल्या वह्या दाखवल्यात तेवढ्या बाकीच्या अख्ख्या मेकॅनिक्सवर मिळून दाखवल्या नसतील, आणि गंमत म्हणजे चुका नवीन नसतातच, त्याच सहा-सात चुका फिरून फिरून येतात. त्यामुळे आता वही उघडायच्या आधीच मी विचारतो की उत्तर किती आलं आणि यायला हवं होतं किती, कारण दोन्हींतला फरक नाहीतर गुणोत्तर बघितलं की आकृती न बघताच बऱ्याचदा कळतं कुठे माती खाल्लीये ते. तीच पद्धत इथे सांगतो, म्हणजे स्वतःची चूक स्वतःलाच पकडता येईल.

टेस्टिंगसाठी एक गणित धरू. २०० ग्रॅमचा दगड, ८० सेंटिमीटरची दोरी, उभ्या वर्तुळात फिरतोय, सगळ्यात वर असताना वेग ४ मीटर प्रति सेकंद. दोरीतला ताण वर किती, खाली किती? जी म्हणजे गुरुत्वत्वरण ९.८ घ्या. बरोबर उत्तरं वर २.०४ न्यूटन आणि खाली १३.८ न्यूटन. आधी स्वतः सोडवा मगच पुढे वाचा, नाहीतर सगळं "हां हे माहितीच होतं" वाटत राहील आणि परीक्षेत परत तेच.

काही आकडे हाताशी ठेवा. दगडाचं वजन म्हणजे एमजी १.९६ न्यूटन. वरच्या टोकाला एमव्ही²/आर, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, वर्तुळात वळायला लागणारं एकूण बल, बरोबर ४ न्यूटन. खाली येईपर्यंत दगड १.६ मीटर उतरलेला असतो, वेग वाढतो, व्ही² १६ वरून ४७.३६ वर जातो आणि एमव्ही²/आर ११.८४ होतं. खाली पण वेग ४च धरला असेल तर ताण ५.९६ येईल, पण ती बलांची चूक नाही, ऊर्जेची आहे, तेवढी सुधारून परत या. (५.९६ हा आकडा विसरू नका, तो अजून एकदा भेटणार आहे.)

आता लक्षणं बघू.

खालचा ताण मायनस ९.८८ आलाय. म्हणजे दोरी दगडाला ढकलतेय, जे दोरी जन्मात करू शकत नाही. हे उत्तर आलं की मला आकृती डोळ्यांसमोर दिसते: दगडावर तीन बाण, वरच्या दिशेने ताण, खाली वजन, आणि केंद्राकडे जाणारा तिसरा बाण ज्याच्यावर मोठ्या अक्षरात "अभिकेंद्री बल". मग वर जाणारी बलं बरोबर खाली जाणारी बलं असं समीकरण मांडलं, टी अधिक ११.८४ बरोबर १.९६, झालं कल्याण.

याचाच भाऊ म्हणजे ताण बरोबर १.९६ येणं. इथेही तोच तिसरा बाण आहे, फक्त या वेळी उजवीकडे शून्याऐवजी एमव्ही²/आर लिहिलं, त्यामुळे डावीकडचं एमव्ही²/आर आणि उजवीकडचं एमव्ही²/आर कॅन्सल झालं आणि वेग गणितातून गायबच झाला. म्हणजे दगड हळू फिरवा नाहीतर जीव खाऊन फिरवा, ताण तेवढाच, आणि हे कागदाला चालत असेल पण ज्याने कधी दोरीला काही बांधून फिरवलंय त्याच्या हाताला पटणार नाही. उत्तरातून वेग उडून गेला की समजायचं, एकच गोष्ट दोनदा मोजलीये.

दोन्हीचं मूळ एकच. अभिकेंद्री हे कुठल्या बलाचं नाव नाही, तो हुद्दा आहे. त्या हुद्द्यावर कोणीतरी बसलेलं असतं, दगडाच्या बाबतीत ताण, वळणावरच्या गाडीच्या बाबतीत घर्षण, चंद्राच्या बाबतीत पृथ्वीचं गुरुत्व, उभ्या भिंतीवर गोल गोल फिरणाऱ्या मोटारसायकलच्या बाबतीत भिंतीचा रेटा. कधी दोघंतिघं मिळून चार्ज सांभाळतात, खालच्या टोकाला ताण वजा वजन असं. पण खुर्चीवर बसलेला माणूस आणि त्याचा हुद्दा हे दोघे वेगवेगळे म्हणून हजेरीपटावर दोन सह्या होत नाहीत, तसंच आकृतीत ताण पण आणि अभिकेंद्री बल पण असे दोन बाण येत नाहीत.

तपासायची सोपी रीत म्हणजे एफबीडीतल्या, म्हणजे बलांच्या आकृतीतल्या, प्रत्येक बाणाला विचारायचं, बाबा रे तुला लावतंय कोण? ताण? दोरी लावते. वजन? पृथ्वी. नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचा लंब रेटा? रस्ता. अभिकेंद्री? ... इथे गप्प व्हायला होतं ना, मग तो बाण खोडा. एमव्ही²/आर ची जागा बरोबरच्या चिन्हाच्या उजव्या बाजूला, एमए (वस्तुमान गुणिले त्वरण) च्या ठिकाणी. आकृतीत त्याला प्रवेश नाही. डावीकडे खरी बलं, उजवीकडे ती मिळून किती व्हायला हवीत तो आकडा.

पुढचं लक्षण, उत्तर बरोबर ३.९२ ने चुकलंय. वर २.०४ ऐवजी ५.९६ (हा बघा आला परत) किंवा खाली १३.८ ऐवजी ९.८८. ३.९२ म्हणजे वजनाची दुप्पट, दोन एमजी. उत्तर दोन एमजी ने चुकलं की शंभरातले नव्व्याण्णव वेळा चिन्हाची भानगड असते, वजन ज्या बाजूला मोजायचं त्याच्या उलट्या बाजूला मोजलेलं. कारण लहानपणापासून वर प्लस खाली मायनस अशी सवय असते आणि वर्तुळात ती सवय मार खाते, कारण इथे प्लस म्हणजे केंद्राकडे, आणि केंद्र दगडाच्या कधी वर असतं कधी खाली. म्हणून आकृती काढली की पहिलं काम, वस्तूपासून केंद्राकडे एक तुटक रेघ ओढा आणि तिच्यावर प्लस लिहा. वरच्या टोकाला ताण पण केंद्राकडे, वजन पण केंद्राकडे, दोघं मिळून ४, म्हणून ताण २.०४. खाली ताण केंद्राकडे, वजन उलट, म्हणून ताण ११.८४ अधिक १.९६. पुलाच्या फुगवट्यावरून गाडी जाते तेव्हा केंद्र गाडीच्या खाली, तिथे वजन प्लस आणि नॉर्मल मायनस, म्हणून नॉर्मल वजनापेक्षा कमी येतो आणि पोटात गोळा येतो तो तेव्हाच.

बोनस चेक म्हणजे उभ्या वर्तुळात दोरीसाठी खालचा ताण वजा वरचा ताण नेहमी सहा एमजी येतो, वेग काहीही असो, फक्त मधे कोणी ढकलत नसावं आणि दोरी सैल पडत नसावी. १३.८ वजा २.०४ करा, ११.७६, म्हणजे सहा गुणिले १.९६. पेपर द्यायच्या आधी दहा सेकंदांत होणारा चेक आहे पण कोणी करत नाही.

आता थोडं थांबून एक प्रयोग सांगतो, कारण कागदावर कितीही पटलं तरी "पण मला बाहेर ओढल्यासारखं वाटतं" हे डोक्यातून जात नाही. बॉलपेनची रिकामी नळी घ्या, त्यातून मजबूत दोरा ओवा, वरच्या टोकाला खोडरबर बांधा आणि खालच्या टोकाला लोखंडी नट. माझा रबर २० ग्रॅमचा होता आणि नट मिळून १०० ग्रॅम. नळी हातात धरून रबर डोक्यावर फिरवायचा, आणि नळीच्या खाली दोऱ्याला कागदाची क्लिप लावायची, म्हणजे क्लिप जागेवर आहे तोपर्यंत वरचा दोरा तेवढाच आहे हे कळतं. वर अर्धा मीटर दोरा ठेवला तर हिशोबाने १० फेऱ्यांना ६.३ सेकंद लागायला हवेत, नळीच्या काठावरच्या घर्षणामुळे थोडं इकडेतिकडे होतं पण आकडा त्याच्याच आसपास राहतो.

हे करताना बघायचं काय, तर रबराला आत ओढतंय कोण. नट! दोऱ्यातून नटांचं वजन रबरापर्यंत पोचतंय आणि अभिकेंद्रीचा चार्ज त्याच्याकडे आहे. जोरात फिरवलं की नट वर चढतात आणि बघणारे लगेच म्हणतात बघा बघा अपकेंद्री बलाने रबर बाहेर ओढला. तसं नाहीये. त्या वेगाला तेवढ्याच वर्तुळात राहायला जास्त बल लागतं, नटांकडे फक्त ०.९८ न्यूटन आहे, ते कमी पडतं म्हणून रबर तेवढा वळत नाही आणि वर्तुळ मोठं होतं. कोणी बाहेर ओढलेलं नाही, आत ओढणारा कमी पडला. आणि हाताने थेट दोरा धरला तर हाताला बाहेर ओढ लागते ती खरीच आहे, पण ती दोऱ्याने हातावर लावलेली आहे, रबरावर नाही, आणि गणित रबराचं चाललंय.

एक बारीक गोष्ट, ही मला खूप उशिरा कळली. रबराला वजन असल्यामुळे दोरा कधीच पूर्ण आडवा होत नाही, थोडा खाली झुकतो, मग त्रिज्या अर्ध्या मीटरपेक्षा कमी होते, मग हिशोब चुकणार असं वाटतं. पण चुकत नाही. थीटा म्हणजे दोऱ्याचा उभ्या रेषेशी कोन धरला तर ताणाचा आडवा भाग टी साइन थीटा, त्रिज्या एल साइन थीटा, दोन्हीकडचं साइन थीटा उडून जातं आणि टी बरोबर एम ओमेगा² एल एवढंच उरतं, जिथे एल म्हणजे दोऱ्याची तिरकी लांबी आणि ओमेगा म्हणजे कोनीय वेग. म्हणून पट्टी दोऱ्यालाच लावून मापायची. पण ज्या गणितात त्रिज्या वेगळी हवी असते, म्हणजे एमव्ही²/आर वापरताय, तिथे दोरीची लांबी आर म्हणून टाकू नका, शंकू लोलकाच्या (तिरक्या दोरीवर आडव्या वर्तुळात फिरणाऱ्या गोळ्याच्या) गणितात ही चूक नियमाने सापडते.

माझा दोरा शेवटी नळीच्या धारेवर घासून तुटला. त्या क्षणी रबर बरोब्बर माझ्या भावाच्या समोर होता आणि तो घाबरून खाली बसला, पण रबर त्याच्याकडे गेलाच नाही, बाजूला कपाटावर जाऊन आपटला. केंद्रापासून बाहेर नाही, स्पर्शिकेच्या रेषेत. खरंच बाहेर ओढणारं बल असतं तर भावाला लागला असता. (काठ गुळगुळीत करून घ्या आणि काच असेल तिथे करू नका.)

आता असं लक्षण जे लवकर ओळखू येत नाही. तिरप्या वळणाचं म्हणजे बँकिंगचं गणित, नाहीतर शंकू लोलक, आणि उत्तर कॉस² थीटाच्या पटीत चुकतंय. ३० अंशाला व्ही²/आरजी ०.५७७ यायला हवं तिथे ०.४३३ येतं, गुणोत्तर ०.७५. कोन छोटा असेल तर तर कळतच नाही, ११.५ अंशाला फरक फक्त ४ टक्के, माणूस राउंडिंगवर ढकलून मोकळा होतो. कारण काय, तर उतारावरच्या ठोकळ्याच्या गणितांनी हाताला सवय लावलेली असते की उतार दिसला की नॉर्मल बरोबर एमजी कॉस थीटा. बँकिंगमध्ये ते उलटं आहे, नॉर्मल गुणिले कॉस थीटा बरोबर एमजी, म्हणजे नॉर्मल वजनापेक्षा जास्त!

हे पाठ करू नका, का ते बघा. बलांचे भाग पाडताना एक अक्ष त्वरणाच्या दिशेत ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या अक्षावर त्वरण शून्य आणि तिथली बलं एकमेकांना कापतात. ठोकळा उतारावरून घसरतो, त्वरण उताराच्या दिशेत, म्हणून उताराला लंब दिशेत बेरीज शून्य, म्हणून एमजी कॉस थीटा. गाडी मात्र उतारावरून खाली येत नाहीये, ती आडव्या वर्तुळात फिरतेय, त्वरण आडवं आहे केंद्राकडे, म्हणून शून्य बेरीज उभ्या दिशेत घ्यायची. रस्ता तिरपा असला तरी वर्तुळ आडवं आहे, बस एवढंच. शंकू लोलकात पण हेच, ६० अंशाला ताण दोन एमजी असतो आणि चुकीच्या पद्धतीने अर्धा एमजी येतो, चौपट फरक. बँकिंगला घर्षण नसेल तर शेवटी टॅन थीटा बरोबर व्ही²/आरजी, ते तुम्हाला माहितीच आहे.

सपाट वळणावर वेगळाच घोळ. घर्षण दिसलं की म्यू एमजी लिहून टाकायचं. १००० किलोची गाडी, ५० मीटर त्रिज्येचं वळण, म्यू म्हणजे घर्षण गुणांक ०.७, वेग ताशी ३६ किमी, घर्षण किती? बरेच जण ६८६० न्यूटन लिहितात. ६८६० ही घर्षणाची ऐपत आहे, खर्च नाही. ताशी ३६ म्हणजे १० मीटर प्रति सेकंद, लागणारं बल १००० गुणिले १०० भागिले ५० म्हणजे २००० न्यूटन, आणि घर्षण तेवढंच लागतं. ताशी ७२ केला तर वेग दुप्पट पण बल चौपट, ८००० लागणार, ऐपत ६८६०, गाडी वळणाबाहेर सरकणार. मर्यादा साधारण ताशी ६६.७ किमी निघते आणि त्यात गाडीचं वस्तुमान कुठेच येत नाही, उत्तरात एम उरला असेल तर काहीतरी राहिलंय. टायर फिरतंय म्हणून गतिक घर्षण घेणारेही भेटतात. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग घसरत नसतो, म्हणून स्थितिक.

"त्रिज्या वाढवली तर बल वाढतं की कमी होतं?" यावर लोक अक्षरशः भांडतात, एकाकडे एमव्ही²/आर असतं दुसऱ्याकडे एम ओमेगा² आर, आणि दोघंही बरोबर असतात. वेग तोच ठेवला तर मोठ्या वर्तुळात बल कमी, फेऱ्यांचा दर तोच ठेवला तर जास्त. प्रश्नात काय कायम ठेवलंय ते वाचा. एकाच फिरत्या तबकडीवर दोन नाणी असतील तर ओमेगा सारखा, बाहेरचं नाणं आधी घसरणार.

एककांच्या चुका पटकन उरकतो, या गुणोत्तरावरूनच पकडायच्या. उत्तर १३ पट (खरं तर १२.९६) जास्त आलं, तर ताशी किलोमीटर तसेच टाकलेत, ३.६ चा वर्ग. साडेएकोणचाळीस पट कमी आलं तर ओमेगाच्या जागी फ्रिक्वेन्सी टाकलीये, चार पाय² खाल्लाय. साधारण ९१ पट जास्त आलं तर आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) थेट ओमेगा म्हणून वापरलाय. दुप्पट किंवा निम्मं असेल तर व्यास आणि त्रिज्या बघा. वॉशिंग मशिनचा ड्रम १२०० आरपीएम आणि २५ सेंटिमीटर त्रिज्या घेऊन करून बघा, त्वरण जी च्या साधारण ४०० पट आलं पाहिजे. तिथेही कपड्यांना ड्रमची भिंत आत रेटते, भोकापाशी पाण्याला रेटायला कोणी नाही म्हणून पाणी सरळ निघून जातं.

मग अपकेंद्री बल खोटं का? असं कोणी म्हटलं की मला थोडा राग येतो, कारण हा शब्द काही अडाण्यांनी काढलेला नाही. हायगेन्सने १६७३ मध्ये त्यावरचे नियम छापले, न्यूटनने अभिकेंद्री हा शब्द नंतर त्याच्या उलट म्हणून वापरात आणला. प्रश्न एवढाच की तुम्ही गणित कुठे बसून करताय. जमिनीवर उभं राहून करत असाल तर अपकेंद्री नाही, फक्त खरी बलं आणि उजवीकडे एमव्ही²/आर. फिरत्या तबकडीवर बसून करत असाल तर नाणं तुमच्या दृष्टीने स्थिर आहे, त्वरण शून्य, मग घर्षण आत आणि अपकेंद्री बाहेर, बेरीज शून्य. दोन्ही रीतींनी उत्तर एकच. घोटाळा होतो तो अर्ध गणित जमिनीवरून आणि अर्ध तबकडीवरून केल्यावर, डावीकडे अपकेंद्री बाहेर आणि उजवीकडे एमव्ही²/आर पण. वळणावर बसमध्ये बाहेर फेकल्यासारखं वाटतं ते बसमध्ये बसून केलेलं निरीक्षण आहे, रस्त्यावरून बघणाऱ्याला दिसतं की तुम्ही सरळ चाललाय आणि बसच तुमच्याकडे वळली.

याच गोंधळातून अंतराळ स्थानकावर गुरुत्व नसतं हे पण येतं. स्थानक साधारण ४०० किमी उंचीवर आहे, वेग सेकंदाला साधारण ७.६६ किमी, व्ही²/आर काढा, सुमारे ८.७ येतं. आणि त्या उंचीवर जी किती? तोही सुमारे ८.७. गुरुत्व तिथे आहे, अगदी पुरेपूर कामाला लागलेलं आहे, वळवण्यातच सगळं खर्च होतंय म्हणून पायाखाली नॉर्मल उरत नाही.

दोरी की दांडी हे पण एकदा बघून घ्या. कमीत कमी वेगाच्या गणितात वर रूट जीआर आणि खाली रूट पाच जीआर हे दोरीसाठी, आपल्या दगडाला वर किमान २.८ लागतो, ४ आहे म्हणून दोरी ताठ राहते. दांडी असेल तर ती ढकलूही शकते, वर वेग शून्य झाला तरी चालतं, खाली रूट चार जीआर पुरतो. इथे मात्र ताण मायनस आला तर घाबरू नका, दांडी ढकलतेय एवढाच त्याचा अर्थ.

आणि सगळं तपासून झालं, बाण बरोबर, चिन्हं बरोबर, एककं बरोबर, तरी वरच्या गणिताचं छापील उत्तर २ आणि १४ दिसतंय आणि तुमचं २.०४ आणि १३.८, तर वही फाडू नका, त्यांनी जी १० घेतलाय.